भूक पोटाची की मनाची?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या सप्ताहात आपण अवधूतांच्या चोवीस गुरूंची कथा ऐकतो. पृथ्वी, वायू, आकाश यांच्यावर निरूपण रंगतं. मासा मात्र दोन मिनिटांत आटोपतो. गळाच्या आमिषापायी त्याने जीव गमावला, एवढंच. पण भागवताच्या अकराव्या स्कंधात तिथेच अवधूत यदुराजाला मोलाची गोष्ट सांगतात. अन्न सोडून माणूस बाकीची इंद्रियं लवकर जिंकतो, जीभ मात्र नाही. उपाशीपोटी तिची ओढ उलट वाढते. एकनाथ महाराजांनी याच स्कंधावरची टीका १५७३ मध्ये काशीला पूर्ण केली. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही आपली म्हण तरी दुसरं काय सांगते?

मग जिभेला आवरायचं कसं? मला वाटतं, आधी भूक कोणाची आहे ते ओळखावं. माझी पत्नी गेल्यापासून दुपारी चार वाजले की हात शेवेच्या डब्याकडे जातो. जेवण होऊन तीन तासही झालेले नसतात. चारला तिच्या हातचा चहा असायचा, दोन शब्द बोलणं व्हायचं. ती भूक शेवेची नव्हेच. मुलं पुण्या-मुंबईला असलेल्या कितीतरी घरांत हेच चालतं. कुणाचा फरसाण, कुणाचे पेढे.

बँकेत एका खात्याची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात पडली, तरी दिवसाची बेरीज जुळते. खाती मात्र दोन्ही चुकतात. इथेही तसंच. पोट भरतं, दिवस निघून जातो. मनाचं येणं तसंच राहतं आणि रक्तात साखर चढते.

अशा वेळी आपण स्वतःला बोल लावतो, उद्यापासून कडक उपास ठरवतो. बोल लावून मन आणखी एकटं पडतं आणि पुन्हा डबा उघडतो. गीतेच्या सहाव्या अध्यायाचा क्रम पाहा. माणूस आपणच आपला मित्र आणि आपणच आपला वैरी, हे भगवंत आधी सांगतात. अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही, हे नंतर येतं. म्हणजे मैत्री आधी, आहार मागून. आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, १२९० मध्ये माउलींनी ज्ञानेश्वरीतून हा अध्याय मराठीत उलगडला.

कुणी म्हणेल, स्वतःवर प्रेम म्हणजे लाडच ना? नाही हो. आई मधुमेही लेकराला पेढा देत नाही, पण मारतही नाही. जवळ घेऊन विचारते, काय झालं रे? तेवढंच आपण आपल्याला विचारावं.

दत्तमहाराज भिक्षेकऱ्याच्या रूपात दारी येतात, ही आपली श्रद्धा. दारच्या अतिथीला आपण पाट मांडून, पानात वाढून देतो. स्वतः मात्र ओट्याशी उभं राहून डब्यातूनच खातो. आत बसलेला जीवही त्यांचाच. त्यालाही ताट, पाणी आणि नाम घेऊन बसवावं. भूक एकटेपणाची असेल, तर मुलीला फोन लावावा किंवा आरतीला देवळात यावं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर उपास डॉक्टरांना विचारूनच धरावा.

मी चारला चहा करतो, तो आता दोन कप. शेजारचे अण्णाही एकटेच असतात. शेवेचा डबा आहे तिथेच आहे. तो कधीमधी उघडतो, पण दोघांत.