ट्रॅकवर जाण्याआधी

चि. रोहन,

ताई म्हणाली, रविवारी तू चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या ट्रॅकवर गाडी घेऊन जाणार आहेस. ती घाबरलीय. मी तिची समजूत काढली, की हायवेवर वेग काढण्यापेक्षा ट्रॅक बरा. तिथं समोरून ट्रक येत नाही की म्हैस आडवी येत नाही. पण बाळा, गाडी आहे तशी नेऊ नकोस.

तुझ्या अपाचे आरआर 310 ला पुढं-मागं ॲडजस्ट होणारं सस्पेन्शन आहे. तिथं गेल्यावर कुणीतरी म्हणेल, "मी एवढे क्लिक ठेवलेत, तूही ठेव." ते ऐकायचं नाही. त्याचं वजन वेगळं, तुझं वेगळं. तू लहानपणापासून काटकुळा, आजी अजून विचारते, पोरगं जेवतंय का नीट?

पहिलं काम सॅगचं, म्हणजे तू बसल्यावर गाडी किती दबते ते मोजायचं, आणि ते घरीच कर. लेदर सूट, हेल्मेट, बूट सगळं घालून बस. त्या सगळ्याचं वजन आठ-दहा किलो सहज होतं. एका मित्रानं गाडी सरळ धरायची, दुसऱ्यानं टेपनं मोजायचं. आधी चाक अधांतरी असताना मागच्या ॲक्सलपासून वर शेपटीवरच्या एका खुणेपर्यंत, मग तू फूटरेस्टवर पाय ठेवून बसल्यावर. दोन्हींतला फरक ट्रॅकसाठी 30 ते 35 मिलीमीटर असावा. पुढंही तसंच माप घे. जास्त येत असेल तर प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा दाब) आवळ, कमी येत असेल तर सैल कर. प्रीलोड आवळल्यानं स्प्रिंग कडक होते असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही रे, गाडी फक्त उंच बसते. पूर्ण आवळूनही सॅग जास्तच राहिला, तर ती स्प्रिंग तुझ्या वजनाला पुरत नाही.

 

आता रिबाउंड. स्प्रिंग दबल्यावर किती सावकाश परत यायचं, ते याच्यावर ठरतं. सीट जोरात दाबून सोड. गाडी वर येऊन एकदाच थांबली पाहिजे. डुलत राहिली तर रिबाउंड कमी आहे. फारच रेंगाळली तर जास्त. हे जास्त होणं मला अधिक धोक्याचं वाटतं, कारण लागोपाठ खड्डे आले की चाकाला परत खाली यायला वेळच मिळत नाही, गाडी खाली खाली बसत जाते आणि नेमकी वळणात पकड सुटते. कडक म्हणजे चांगलं, हा समज डोक्यातून काढून टाक.

कशालाही हात लावण्याआधी रिबाउंडचा स्क्रू हळूच पूर्ण बंद करत क्लिक मोज, आकडा वहीत लिही आणि परत तिथंच आण. दाबून आवळू नकोस, आतली सुई खराब होते. मग एका वेळी एकच बदल, दोन क्लिकचा. दोन-तीन लॅप मारून काय वाटलं ते लिही. दोन गोष्टी एकदम बदलल्यास, तर कशानं फरक पडला ते तुलाही कळणार नाही आणि फोनवर मलाही. फोर्कच्या चकचकीत नळीवर सीलला टेकवून केबल टाय बांध. ब्रेक मारल्यावर ती कुठवर सरकली, ते बघ. अगदी शेवटाला टेकली असेल तर फोर्क तळाला लागतोय.

टायरची हवा सकाळी थंड असताना बघ, सेशन संपल्या संपल्या पुन्हा बघ. चेन्नईच्या उन्हात ती बरीच वाढते, आणि मग दोष हवेचा असतो, पोरं मात्र सस्पेन्शन पिळत बसतात. दुपारी फोर्कचं तेलही पातळ पडतं, सकाळचं सेटिंग वेगळं वाटलं तर घाबरू नकोस.

पहिलं सेशन निवांत फिर. जेवणाआधी हात दुखायला लागले तर सरळ बाहेर ये. कुणी हसलं तर हसू दे.

प्रीलोडची रिंग फिरवायचा हूक पाना आणि एक कोरी वही कुरिअरनं पाठवतोय. संध्याकाळी आधी ताईला फोन कर, मग मला. मला सॅगचे आकडे सांग, लॅपची वेळ नंतर.

तुझा,
मामा