भांडण असलेल्यांची बैठक

आशियात आज नव्या आघाड्यांची चर्चा जोरात आहे. अशा वेळी दोन जुन्या संघटनांची आठवण ठेवायला हवी.

पहिली ‘सीटो’. १९५४ साली मनिला इथे झालेल्या करारातून ही लष्करी आघाडी उभी राहिली. नाव आग्नेय आशियाचं, पण आठ सदस्यांत त्या भागातले देश दोनच, थायलंड आणि फिलिपिन्स. साम्यवादाला रोखायचं, एवढाच तिचा हेतू. व्हिएतनाम युद्ध संपलं आणि १९७७ मध्ये तिनं गाशा गुंडाळला.

दुसरी ‘आसियान’. ८ ऑगस्ट १९६७ रोजी बँकॉकमध्ये पाच देशांनी तिच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्यातले इंडोनेशिया आणि मलेशिया वर्षभरापूर्वीपर्यंत एकमेकांशी झुंजत होते. फिलिपिन्स मलेशियाच्या साबा प्रांतावर हक्क सांगत होता. सिंगापूर नुकताच मलेशियातून वेगळा झाला होता. वाद मिटलेले नव्हते, तरी ते एकत्र बसले. पुढे कंबोडियात सैन्य घुसवणाऱ्या व्हिएतनामला याच संघटनेनं कित्येक वर्षं विरोध केला आणि १९९५ मध्ये त्यालाच सदस्य करून घेतलं. आज तिचे अकरा सदस्य आहेत. म्यानमारच्या लष्करशाहीपुढे ती हतबल ठरली, हे खरं. पण २०२५च्या जुलैत थायलंड आणि कंबोडिया सीमेवर लढू लागले, तेव्हा त्यांना मलेशियात समोरासमोर बसवता आलं, ते या जुन्या सवयीमुळेच.

शत्रूच्या भीतीनं बांधलेली मोट त्या भीतीइतकीच टिकते. शेजाऱ्यांनी चिकाटीनं चालू ठेवलेलं बोलणं मात्र भांडणांनाही पुरून उरतं.

आपल्या दक्षिण आशियात ‘सार्क’ १९८५ साली ढाक्यात स्थापन झाली. तिची शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूत भरली. उरीच्या दहशतवादी हल्ल्यानंतर इस्लामाबादची पुढची परिषद बारगळली. दहशतवादाबद्दलचा आपला संताप रास्त आहे. पण समुद्रातली हद्द चुकून ओलांडली गेली, म्हणून पाकिस्तानच्या तुरुंगात अडकलेल्या पालघरच्या खलाशाची सुटका शेवटी कुणीतरी कुणाशी तरी बोलल्यानंच होते.

सीमेवर सावध राहावंच. पण सावधपणा म्हणजे अबोला नव्हे. शेजाऱ्याशी बोला म्हणणाऱ्याला दुबळा ठरवण्याची घाई निदान आपण तरी करू नये.