किती वाकडं म्हणजे वाकडं?

१९६५ साली रीड नेस्बिट या अमेरिकन शल्यविशारदांनी तीन रुग्णांची हकीकत एका वैद्यकीय नियतकालिकात छापली. तिघांचंही लिंग जन्मतः वाकडं होतं. एरवी ते दिसत नसे, ताठरता आली की दिसे. अशा वेळी कुणाच्याही मनात आधी येईल ते हे, की आखूड बाजू ओढूनताणून लांब करावी. नेस्बिट यांनी उलटं केलं. आखूड बाजूला हात न लावता त्यांनी लांब बाजू कमी केली. कुशल शिंपी लांब झालेल्या बाहीला चूण घालतो, तेच हे. साठ वर्षं झाली, पुढच्या पिढ्यांनी त्यात फेरफार केले, पण जन्मजात बाकावरच्या बहुतेक शस्त्रक्रियांचा पाया आजही हाच आहे.

हा विषय दिवाळी अंकात कशाला, असं काहींना वाटेल. फराळाच्या ताटाशेजारी हे वाचायचं का? पण ज्या घरात फराळ चालू असतो, त्याच घरातला एखादा अठरा-वीस वर्षांचा मुलगा दाराला कडी लावून मोबाइलवर हेच शोधत असतो. त्याला कोण भेटतं, हा या लेखाचा खरा विषय आहे.

आधी शरीराचं पाहू. लिंगात हाड नसतं. आत शेजारी शेजारी दोन स्पंजासारखे लांबट भाग असतात, त्यांत रक्त भरलं की ताठरता येते. या दोन्हींभोवती एक चिवट, पांढरट आवरण असतं, त्याला ट्युनिका अल्बुजिनिया म्हणतात. हे आवरण सगळीकडून सारखं ताणलं गेलं तर लिंग सरळ राहतं. एका बाजूला ते कमी ताणलं, की त्या बाजूला बाक येतो. बहुतेकदा तो खाली असतो, काहींना डावी-उजवीकडे, वर क्वचितच. गर्भाच्या वाढीत लिंग काही काळ खाली वाकलेलं असणं ही नेहमीचीच पायरी आहे, असं कॅप्लान आणि लॅम यांनी १९७५ साली दाखवलं. म्हणजे कित्येकदा हा बाक बिघाडापेक्षा अर्धवट राहिलेल्या वाढीचा शेष असतो. कधी त्याच्या जोडीला मूत्रमार्गाचं तोंड टोकाऐवजी खालच्या बाजूला असतं. तो हायपोस्पेडियास, त्याची शस्त्रक्रिया लहानपणीच करतात. आपण बोलतोय ते तोंड जागेवर असलेल्या मुलांबद्दल. त्यांचा बाक आईच्याही लक्षात येत नाही आणि वयात येईपर्यंत त्यांच्या स्वतःच्याही.

लक्षात आला की मुलगा पहिला दोष देतो तो स्वतःच्या हाताला. हस्तमैथुनाने वाकडं झालं, घट्ट चड्डीने झालं, एका कुशीवर झोपल्याने झालं. यातलं एकही खरं नाही. आवरणाची ठेवण जन्माआधीच ठरलेली असते. पण रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर ‘गुप्तरोग, वाकडेपणा, कमजोरी’ असं रंगवणाऱ्यांचा सगळा धंदा या अपराधीपणावर चालतो. अशा जादुई इलाजांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ पासून आहे, आणि भिंतीही तशाच रंगलेल्या आहेत. तेल, मालीश, चूर्ण, ओढणारी यंत्रं, यांतल्या कशानेही जन्मजात बाक जात नाही. त्यावर गोळीही नाही, हे खरा डॉक्टर पहिल्याच भेटीत सांगतो. कदाचित म्हणूनच भिंतीवरचा वैद्य जास्त आवडतो.

गोंधळात भर टाकणारा आणखी एक आजार आहे. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचे शल्यवैद्य ला पेरोनी यांनी १७४३ साली त्याचं वर्णन केलं, त्यांचंच नाव त्याला मिळालं. तो बहुधा मध्यमवयात होतो. आवरणात कडक वण तयार होतो, कधी दुखतं आणि पूर्वी सरळ असलेलं लिंग वाकतं. तो वण सैल करणाऱ्या एका इंजेक्शनला अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळाली. इंटरनेटवर ते वाचून विशीतली मुलं तेच मागतात. जन्मजात बाकात वणच नसतो, तर इंजेक्शन सैल काय करणार?

आता शीर्षकातला प्रश्न. काटेकोर सरळ लिंग हा नियम नाही, थोडा बाक अनेकांना असतो. साधारण तीस अंशांच्या आतला बाक असेल आणि संभोगात अडचण येत नसेल, तर डॉक्टर सहसा काहीच करत नाहीत. अंश हा फक्त एक आकडा आहे. संबंध जमतो का, दोघांपैकी कुणाला दुखतं का, आणि त्या माणसाच्या मनावर याचं ओझं किती आहे, हे तीन प्रश्न त्याहून मोठे आहेत. बीजनिर्मितीशी याचा संबंध नाही. संबंधच अशक्य झाला तरच मूल होण्याची अडचण येते.

मोजमाप करणंही सोपं आहे. घरी, ताठ अवस्थेत, वरून आणि बाजूने काढलेला फोटो डॉक्टरांना दाखवायचा, चेहरा त्यात लागत नाही. नाहीतर दवाखान्यात इंजेक्शन देऊन ताठरता आणून पाहतात. शस्त्रक्रियेच्या टेबलावर सलाइन भरून कृत्रिम ताठरता आणण्याची युक्ती गिट्स आणि मॅकलॉफलिन यांनी १९७४ साली मांडली. तेव्हापासून शल्यविशारदाला टाका घालण्याआधी बाक डोळ्यांनी दिसू लागला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच.

नेस्बिट आवरणाचे छोटे तुकडे कापून काढत. १९८५ साली एसेड आणि श्रोडर यांनी न कापता नुसते टाके घालून आवरण आवळण्याची रीत आणली. १९९० साली याखिया यांनी उभा छेद घेऊन तो आडवा शिवला. कुठलीही रीत घेतली तरी किंमत एकच, लिंगाची लांबी थोडी कमी होते आणि बाक जितका जास्त तितकी ती अधिक घटते. टाक्यांच्या गाठी हाताला लागणं, संवेदना काहीशी बोथट होणं, क्वचित बाक परत येणं, हेही आधी सांगायलाच हवं. शस्त्रक्रियेसाठी वाढ पूर्ण होईपर्यंत थांबायचं आणि शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे संबंध टाळायचे. म्हणून सौंदर्यासाठी ही शस्त्रक्रिया करून घेणं मला मूर्खपणाचं वाटतं. ज्याचा संबंधच अडला आहे, त्याने ती न करून घेणं तितकंच.

प्रत्यक्षात असा मुलगा डॉक्टरकडे जातच नाही. स्थळं येऊ लागली की नोकरीचं, कर्जाचं निमित्त करून एकेक नाकारतो. घरच्यांना वाटतं, मुलाचं बाहेर काहीतरी आहे. लग्न झालंच तर बायको स्वतःत खोट शोधते. यावर मराठीत पूर्वी कुणी बोललंच नाही, असं नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं तेव्हा त्यांनी वाचकांच्या असल्याच प्रश्नांना छापील उत्तरं दिली. त्या उत्तरांवरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दंड झालाच. ज्या भाषेत इतक्या आधी कुणी बोलून दंड भरला, तिथली मुलं आज हे प्रश्न मराठीत विचारायला कचरतात.

वाचकांमध्ये असा कुणी असेल, किंवा अशा कुणाची आई, बायको, मित्र असेल, तर एवढंच करा. डॉक्टर युरॉलॉजिस्टच हवा, गुप्तरोगवाला नको. मुंबईत केईएम, सायन, नायर या रुग्णालयांत युरॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. केसपेपरच्या खिडकीवर आजार सांगावा लागत नाही, ‘युरॉलॉजी’ म्हटलं की पुरतं.