वर्तुळ गोलच का हवं?

घोडेस्वारी शिकायला येणाऱ्या बहुतेकांचं लक्ष काही दिवसांतच मैदानातल्या अडथळ्यांच्या दांड्यांकडे जातं. शिक्षक मात्र त्यांना सपाट जमिनीवरच ठेवतात. वीस मीटर व्यासाचं वर्तुळ, ट्रॉटवरून (दुडकीवरून) चालीवर, पुन्हा ट्रॉट, मग दिशा बदलून तेच. या फ्लॅटवर्कला शिकणारे उडीआधीची वाट पाहणं समजतात. त्याचं खरं कारण कळायला घोड्याचं शरीर पाहावं लागतं.

उभ्या घोड्याचं जवळपास साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, कारण मान आणि डोकं पुढे. शिवाय घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं. त्याची छाती दोन्ही पुढच्या पायांच्या मधे स्नायूंनी तोललेली असते. आपण बसतो ते खांद्यांच्या जरा मागे, म्हणजे या पुढच्या भारात आणखी भर. पाठीवर मूल घेऊन जिना चढणारा माणूस आपला तोल नव्याने सावरतो, तसं घोड्यालाही सावरावं लागतं. न शिकवलेला घोडा त्याऐवजी पुढे कलतो, घाई करतो, लगामावर रेलतो. यावर उपाय एकच: मागचे पाय पोटाखाली यायला हवेत, त्यांचे सांधे वाकायला हवेत, आणि भाराचा मोठा वाटा त्यांनी उचलायला हवा. ही ताकद हुकूम देऊन येत नाही, घडवावी लागते. फ्लॅटवर्क म्हणजे ही घडण.

वर्तुळावर आतल्या मागच्या पायाला जास्त काम करावं लागतं. त्यात बहुतेक घोडे एका बाजूला मऊ आणि दुसऱ्या बाजूला ताठ असतात, त्यामुळे एका दिशेने ते आत झुकतात, तर दुसऱ्या दिशेने बाहेरचा खांदा निसटतो. म्हणूनच शिक्षक गोलाईबद्दल इतके काटेकोर असतात. वर्तुळ जिथे चेपतं किंवा फुगतं, नेमक्या तिथेच घोड्याने मेहनत टाळलेली असते. स्वाराचा आतला पाय तंगाजवळ, बाहेरचा किंचित मागे, आणि बाहेरचा लगाम खांद्याला आवर घालणारा, हे सगळं ती टाळाटाळ रोखण्यासाठीच.

चालबदलातही हेच दिसतं. ट्रॉट दोन ठोक्यांचा, चाल चार ठोक्यांची. लगाम ओढून ट्रॉटवरून चालीवर आणलं, तर घोडा पुढच्या पायांवर आदळत मंदावतो. बैठक स्थिर करून, आपले पाय घोड्याच्या अंगाशी ठेवून आणलं, तर मागचे पाय खाली सरकतात. बघणाऱ्याला दोन्ही वेळा घोडा चालीवर आलेलाच दिसतो. एकदा मात्र तो बिघडला, एकदा सुधारला. माझ्या मते धड्यातला सगळ्यांत मोलाचा भाग हाच, आणि तोच सर्वांत कंटाळवाणा वाटतो.

हा विचार जुनाच आहे. फ्रेंच अश्वशिक्षक फ्रांस्वा रोबिशों द ला गेरिनिएर यांनी आपल्या ग्रंथात खांदे किंचित आत घेऊन चालण्याची कसरत मांडली, ती 1733 साली. आजही ती रोज केली जाते, कारण ती आतला मागचा पाय भाराखाली आणते.

आता उडीकडे. कँटरची एक ढांग साधारण साडेतीन मीटर. दोन अडथळ्यांमधलं अंतर ढांगांच्या हिशेबाने ठेवलेलं असतं, म्हणजे उडी कशी होणार ते घोडा जमिनीवर असतानाच ठरतं. ढांग लांबवणं, आखडणं, वळणावर तोल राखणं, ही सारी फ्लॅटवर्कची कमाई. उडी नसलेल्या स्पर्धेतही हीच कमाई लागते. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताने ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्ण जिंकलं. त्या संघात मुंबईचा हृदय छेडाही होता. ड्रेसाज म्हणजे याच कवायतीचं टोक.

पण स्पर्धेला न उतरणाऱ्यालाही ही कवायत हवीच. प्रशिक्षण केंद्रातला घोडा दिवसभर नवख्यांचे धक्के पाठीवर घेतो. ज्याचे मागचे पाय सशक्त, त्याची पाठ आणि पुढचे सांधे जास्त टिकतात. तेव्हा पुढच्या धड्यात शिक्षकांना एवढं जरूर विचारा: हे वर्तुळ आत्ता कोणत्या पायासाठी आहे?