सामान राखणाऱ्यांचा वाटा

बसोर ओढ्यापाशी सामान राखीत राहिलेल्या २०० जणांस लढणाऱ्यांइतकाच वाटा द्यावा, असा नियम दावीदाने केला (१ शमुवेल ३०). हे वाचून आम्हांस 'रेड बॉल एक्सप्रेस'च्या लॉऱ्या हाकणारे सैनिक आठवतात. १९४४ त आगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत फ्रान्सात त्यांनी अमेरिकन फौजेस पेट्रोल, दारूगोळा व अन्न रात्रंदिवस पोहोंचविले. रात्री दिवे झाकलेले, डोळ्यांवर झोप. अशा बापाचे स्मरण करिताना, 'तो लढला नाही, गाडी हाकीत होता,' असे म्हणवेल काय? त्यांतील सुमारे तीनचतुर्थांश कृष्णवर्णी होते. ते बायकामुलांत परतले, तो अमेरिकेच्या दक्षिण भागात बसगाडीत त्यांस मागलेच बाक! फौजेतील वर्णभेद मोडण्याचा हुकूम अध्यक्ष ट्रुमन ह्यांनी १९४८ त काढिला. मंटगमरी शहरातील बाकांचा निकाल लागावयास १९५६ साल उजाडले.