गुरूला प्रश्न विचारावा काय?

आषाढी वारीत पुण्याहून निघालेली तुकोबारायांची पालखी लोणी काळभोरला मुक्कामास थांबते आणि दुसऱ्या दिवशी यवतची वाट धरते. ओट्यावर, अंगणात, शाळेच्या व्हरांड्यात, जागा मिळेल तिथे वारकरी विसावतात. आमच्या दारावरचा क्रूस पाहूनही पाणी मागायला ते संकोचत नाहीत आणि त्यांना चहा देताना आपण काही वेगळे करतो आहोत असे आम्हांलाही वाटत नाही. अशाच एका रात्री शेजारच्या वृद्ध माळकऱ्यांनी मला विचारले, "सर, त्या घुमटात तुमचा येशूबी हाय, आमचे ज्ञानोबाबी हायेत. मग तुम्ही त्या एकल्यालाच देव का म्हनता?"

घुमट म्हणजे येथील विश्वराजबागेतला विश्वशांती घुमट. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्याचे उद्घाटन झाले. १६० फूट व्यासाच्या त्या वास्तूला ज्ञानेश्वर माउलींचे नाव आहे आणि आत संत, तत्त्वज्ञ व शास्त्रज्ञ यांचे पन्नासहून अधिक पुतळे आहेत. मी त्या रात्री धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेले उत्तर दिले. ते बरोबर होते; पण म्हाताऱ्याच्या प्रश्नाला ते भिडले नाही, हे मला कळत होते.

हा प्रश्न आपल्या ख्रिस्तसभेतही एकदा फार गंभीरपणे विचारला गेला आहे आणि त्याचा धागा पुण्याशी जुळलेला आहे. येशूसंघीय धर्मगुरू फादर अँथनी डिमेलो यांनी सत्तरच्या दशकात पुण्याच्या डी नोबिली कॉलेजात 'साधना' संस्था सुरू केली. पुढे ती लोणावळ्यास गेली. श्वासाकडे लक्ष देणे, मौन, जागरूकता अशा मार्गांनी त्यांनी असंख्य धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिकांना प्रार्थनेची नवी गोडी लावली. १९८७ साली न्यूयॉर्क येथे ते अचानक निवर्तले. त्यानंतर अकरा वर्षांनी, २४ जून १९९८ या तारखेच्या सूचनापत्राने व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक परिषदेने त्यांच्या उत्तरकालीन लेखनातील काही भूमिका कॅथोलिक श्रद्धेशी विसंगत ठरवल्या. परिषदेचे प्रमुख तेव्हा कार्डिनल रॅट्झिंगर होते. आक्षेपाचा गाभा असा, की या लेखनात येशू हा अनेक गुरूंपैकी एक उरतो; तो 'जागा' आहे आणि इतर झोपलेले आहेत, एवढाच काय तो फरक.

अनेकांना त्या पत्राचे दुःख झाले. ज्याला उत्तर देता येत नाही अशा मृत माणसावर हा निवाडा कशासाठी, असे मलाही तेव्हा वाटले होते. आज वाटते, परिषदेचा मूळ प्रश्न योग्यच होता. येशू केवळ जागा झालेला मनुष्य असेल, तर त्याने क्रूसावर मरण्याचे कारणच उरत नाही. जागे होण्याची युक्ती शिकवून तो वृद्धापकाळी शिष्यांच्या मांडीवर शांतपणे डोळे मिटू शकला असता. मात्र डिमेलो आपल्या श्रोत्यांना पुन्हा पुन्हा सांगत, की माझ्या शब्दावर विसंबू नका, स्वतः तपासून पाहा. त्यांचे हे सांगणे मात्र आपण त्यांच्या पुस्तकांबरोबर कपाटात ठेवून दिले. त्याची किंमत काय असते, ते मला माझ्या घरात कळले.

माझ्या थोरल्या बहिणीला मधुमेह आहे. काही वर्षांपूर्वी मीच तिला एका प्रवचनकारांच्या प्रार्थनासभेला घेऊन गेलो. सभागृह तुडुंब भरले होते. मस्तकावर हात ठेवल्यावर तिला सांगण्यात आले, की आता इन्शुलिन घेणे म्हणजे प्रभूवर अविश्वास दाखवणे. तिने ते बंद केले. मी शेजारी उभा होतो. मी शिक्षक माणूस, आयुष्यभर मुलांना 'प्रश्न विचारा' म्हणून सांगत आलो, आणि मी एक शब्द बोललो नाही. चार महिन्यांत पायाची जखम चिघळली आणि दोन बोटे काढावी लागली. डॉक्टर रागावले तेव्हा ताई खाली मान घालून म्हणाली, "माझाच विश्वास कमी पडला."

बोटे गेल्याच्या दुःखापेक्षा तिचे ते वाक्य मला अधिक छळते. बरे वाटले तर श्रेय गुरूचे, न वाटले तर दोष शिष्याचा. अशी जिथे व्यवस्था असते तिथे गुरू कधीच चुकू शकत नाही. जो चुकूच शकत नाही त्याला तपासायचे तरी कसे? वास्तविक, बेन सिराच्या ग्रंथाच्या ३८व्या अध्यायात वैद्याचा मान राखावा आणि औषधे ही देवाचीच निर्मिती आहे, असे स्पष्ट सांगितले आहे. तो ग्रंथ आमच्या घरातल्या बायबलमध्ये होता. आम्ही तो उघडला नाही.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. आपल्या वस्तीत तेव्हा सर्वांचे मत होते, की हे सारे भोंदूबाबांविषयी आहे. आपला त्याच्याशी संबंध काय? सभेला मी ताईला नेले ते हा कायदा झाल्यानंतर.

आपल्याकडचे मोठे उदाहरण हवे असेल तर जाँ व्हानिए यांचे घ्यावे. मतिमंद मानल्या गेलेल्या माणसांसोबत एका छताखाली राहण्यासाठी त्यांनी १९६४ साली फ्रान्समध्ये 'लार्श' ही चळवळ उभारली. जिवंतपणीच लोक त्यांना संत मानत. २०१९ साली ते वारले. पुढच्याच वर्षी चौकशीतून उघड झाले, की आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली त्यांनी अनेक स्त्रियांचे लैंगिक शोषण केले होते. त्यांचे स्वतःचे गुरू फादर थॉमस फिलिप यांना अशाच कृत्यांबद्दल ख्रिस्तसभेने १९५६ साली शिक्षा केली होती. तरी शिष्याची निष्ठा ढळली नाही. ती चौकशी व्हानिए यांच्या शत्रूंनी केलेली नव्हती, 'लार्श'नेच करविली होती. त्या घरांतली माणसे आजही एकत्र राहतात, एकत्र जेवतात. संस्थापकाची प्रतिमा भिंतीवरून उतरली म्हणून त्यांचे ताट खोटे ठरले नाही.

कोणी म्हणेल, अशा प्रश्नांनी साध्या माणसांची श्रद्धा डळमळेल. भीती अगदीच निराधार नाही. प्रत्येक प्रश्न प्रामाणिकपणेच विचारला जातो असे नाही आणि काहींना प्रश्नाआडून केवळ आपलीच मर्जी चालवायची असते. पण परंपरा काय सांगते? पौलाचे प्रवचन ऐकून बिरुयाचे लोक रोज शास्त्र चाळून पाहत, हे खरे आहे का म्हणून. आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात त्यांना त्याबद्दल दोष दिलेला नाही, थोर म्हटले आहे. संतपदाच्या चौकशीत उमेदवाराच्या विरुद्ध बोलणारा अधिकारी पोप पाचवे सिक्स्टस यांनी १५८७ साली नेमून दिला. लोक त्याला 'सैतानाचा वकील' म्हणत. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८३ साली ही पद्धत बरीच बदलली. पण सुमारे चारशे वर्षे ख्रिस्तसभेने शंकेला पगारी नोकरी दिली होती, हे आपण विसरतो.

मदर तेरेसांच्या बाबतीत तर याहून विलक्षण घडले. २००७ साली त्यांची खाजगी पत्रे प्रसिद्ध झाली आणि जगाला कळले, की जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवत नव्हती. आत अंधार होता. कुणा गुरूच्या बाबतीत हे उघड झाले असते तर शिष्यांनी ती पत्रे जाळली असती. ख्रिस्तसभेने ती वाचली, छापू दिली, आणि २०१६ साली त्यांना संत म्हणून घोषित केले. ज्ञानप्राप्ती झाल्याचा दावा त्यांनी कधी केलाच नाही. त्या पहाटे उठत, मिस्सेला जात, आणि मग मरणाऱ्याच्या जखमा धूत.

माळकरीबाबांच्या प्रश्नाचे उत्तर मला आता थोडेफार देता येईल असे वाटते. ज्याला मी देव म्हणतो त्याने थोमाला आपल्या जखमांत बोट घालू दिले. प्रश्न विचारला म्हणून दाराबाहेर काढले नाही. कुणी उपदेशक मला तेवढीही मोकळीक देत नसेल, तर तो त्याच्या नावाने बोलत असला तरी त्याच्या वतीने बोलत नाही.

पुढच्या वारीला बाबा भेटले तेव्हा हे सारे बोलायचे राहूनच गेले. ताई लंगडत लंगडत चहाचे पेले भरत होती. बाबाही मधुमेहाचेच. तिने पेला देण्याआधी विचारले, "बाबा, बिनसाखरेचा आणते. आणि गोळ्या घेता ना वेळेवर?" बाबांनी सदऱ्याच्या खिशावर हात मारला. "चालवतो तो इठुराया," ते म्हणाले, "पन गोळी खिशात हाय, माउली."