ज्वारीचे दाणे

एका शेतकऱ्याने घराच्या स्लॅबवर एक किलोवॉटचे सौर पॅनल बसवले. ऊन चांगले पडले की दिवसाला चारेक युनिट वीज तयार व्हायची. पहिल्या महिन्यात बिल अगदीच थोडे आले. शेतकरी हरखला. "आता वीज घरचीच!"

घरचे म्हटले की हात सैल सुटतो. ओसरीवरचा साठ वॉटचा बल्ब रात्रभर जळू लागला. रिकाम्या खोल्यांतही पंखे फिरू लागले. पुढे गिझर आला. चार महिन्यांत बिल पुन्हा होते तिथे गेले.

शेतकऱ्याने वायरमनला बोलावले. "आणखी पॅनल लाव. एवढे पुरत नाहीत."

वायरमनने शिडी भिंतीला टेकवली, पण वर चढला नाही. "दादा, आधी दिवस मावळू द्या."

अंधार पडल्यावर त्याने शेतकऱ्याला मीटरपुढे बसवले. तांबडा दिवा लुकलुकत होता. "हा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट जळतं. मिनिटाला किती होतात, मोजा."

शेतकऱ्याची मोजणी सारखी चुके. तेव्हा त्याची म्हातारी आई सुपात ज्वारी घेऊन आली. दिवा एकदा लुकलुकला की ती एक दाणा खाली टाकी. मिनिटभरात तीस दाणे झाले.

वायरमनने रिकाम्या खोल्यांतले दोन पंखे बंद केले. बावीस. ओसरीवरचा बल्ब काढला. एकोणीस. त्या जागी नऊ वॉटचा एलईडी लावला, तर दोन मिनिटांत जेमतेम एक दाणा वाढला.

मग त्याने गिझर सुरू केला. म्हातारीचा हात पुरेना. दाणे भराभर सांडू लागले.

"बंद कर रे!" म्हातारी ओरडली. मग लेकाकडे वळली. "कणसं भरली की दिवसभर माळ्यावर बसून पाखरं हाकतोस. एक दाणा जाऊ देत नाहीस. मग ही वीज कुणी राखायची?"

शेतकरी सांडलेल्या दाण्यांकडे बघत राहिला.

"आधी राखण करावी, दादा," वायरमन म्हणाला, "मग पेरा वाढवावा."

"शिडी मात्र राहू दे," शेतकरी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत तो ओले फडके घेऊन वर चढला आणि पॅनलवरची धूळ पुसू लागला. खाली म्हातारी एकेक दाणा वेचून सुपात टाकत होती.